संकष्टीच्या आवर्तनांबाबत सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या संकष्टीला दांडिया बाजारातल्या नेहमीच्या जागी संध्याकाळी साडेसहाला अथर्वशीर्षाची २१ आवर्तने आहेत. फलश्रुती फक्त शेवटी, दर वेळी नाही.

मागच्या खेपेला मोजायच्या सुपाऱ्यांपैकी एक सतरंजीखाली गेली आणि आवर्तनं वीस झाली की एकवीस, यावर चंद्रोदय होईस्तोवर वाद चालला. उपवासाची माणसं ताटकळली. सुपारी नंतर झाडताना सापडली. गणपतीची काही तक्रार ऐकिवात नाही. यंदा मोजायला एकच जण बसेल.

एका सभासदाने विचारलंय, "माझा फारसा विश्वास उरलेला नाही, आईसाठी म्हणतो. आलो तर चालेल का?" जरूर या. दारात कोणी श्रद्धा तपासत नाही, चपला मात्र रांगेत काढा.

"अर्थ कळत नसताना म्हणायचं कशाला?" हा प्रश्नही रास्त आहे आणि बडोद्याला तो नवा नाही. विधी करणाऱ्याला त्याचा अर्थ कळावा आणि यजमानाला सांगता यावा, म्हणून सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९१५ साली पुरोहितांसाठी कायदाच झाला होता. तेव्हा या वेळी आरतीआधी १५ मिनिटं अर्थासाठी ठेवली आहेत. शंका मोकळेपणाने विचारा. "असलं विचारू नये" म्हणणाऱ्या ज्येष्ठांनी तेवढा वेळ दूर्वांच्या जुड्या बांधाव्यात, ही विनंती.

दूर्वा कोण आणणार ते आदल्या दिवशी कळवा. खंडेराव मार्केटला सकाळी लवकर गेलेलं बरं.