निलंग्याचे सेतुमाधवराव

महोदय,
मराठे-मोगल संघर्षाचे अभ्यासक सेतुमाधवराव पगडी (१९१०–१९९४) मूळचे आपल्या निलंग्याचे, याचा उल्लेख मराठवाड्यातही क्वचितच होतो. हैदराबाद संस्थानात मुलकी अधिकारी राहिलेल्या पगडींनी औरंगजेबाच्या दख्खन मोहिमेची फारसी साधने मराठीत आणली. त्यांपैकी मोगलांच्या चाकरीतील भीमसेन सक्सेनाच्या आठवणींत छावणीतली महागाई आणि रसदेची टंचाई दिसते, जी विजयवर्णनात रमलेल्या बखरींत फारशी सापडत नाही. पद्मभूषण (१९९२) मिळाले, हे ठीकच. पण हे अनुवाद आपल्या जिल्हा ग्रंथालयांनी एकत्र संच म्हणून ठेवावेत आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी फारसीचे प्राथमिक वर्ग सुरू व्हावेत, ही विनंती.

– एक वाचक, लातूर