खुले पत्र : बाटलीत काय आहे ते बाटलीवर लिहा

प्रति,
मा. मुख्य विस्फोटक नियंत्रक,
पेट्रोलियम तथा विस्फोटक सुरक्षा संघटन (पेसो),
सेमिनरी हिल्स, नागपूर

विषय : शिबिर, भटकंती आणि यात्रेत सोबत नेल्या जाणाऱ्या लहान स्टोव्हचे इंधन

महोदय,

नागपंचमीच्या आधी विदर्भातून माणसे मध्य प्रदेशातल्या पचमढीच्या नागद्वार यात्रेला निघतात. पावसात सरपण भिजते, म्हणून कुणाच्या ना कुणाच्या पिशवीत एक छोटा स्टोव्ह असतोच. थंडीत तोच स्टोव्ह चिखलदऱ्याला जातो, आणि सिलिंडर अवेळी संपला की घरच्या ओट्यावरही चढतो. स्टोव्ह घेताना लोक चार दुकाने फिरतात. इंधन मात्र मिळेल ते घेतात. देशभरच्या पेट्रोल-गॅसच्या सुरक्षिततेचा कारभार आमच्याच गावातून चालतो, म्हणून हे पत्र दिल्लीला न पाठवता आपल्याला लिहीत आहोत.

आधी गॅसचे डबे. आडव्या कॅसेट शेगडीत बसणाऱ्या २२० ग्रॅमच्या लांब डब्यात बहुतेक वेळा नुसता ब्युटेन असतो. ५० अंश सेल्सिअसला त्याचा दाब वातावरणाच्या सुमारे पाचपट होतो आणि डब्याचा पातळ पत्रा त्याच हिशेबाने निवडलेला असतो. आता घरच्या सिलिंडरमधून हा डबा पुन्हा भरण्याचे पितळी अडॅप्टर सर्रास विकले जातात. घरच्या एलपीजीत प्रोपेनही असतो. एकट्या प्रोपेनचा दाब ५० अंशांना सतरापटीच्या घरात जातो, त्यामुळे मिश्रणाचा दाब ब्युटेनच्या दुपटीला पोहोचू शकतो. त्यात सिलिंडर उलटा धरून भरताना डबा काठोकाठ भरतो. अधिकृत भरणीत वर पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवतात, कारण द्रव तापला की फुगतो. इथे त्याला फुगायला जागाच उरत नाही. असा डबा मे महिन्यात उन्हातल्या गाडीच्या डिकीत ठेवला, की पुढचे आपल्याला आम्ही सांगायला नको.

भरलेला नवा डबासुद्धा चुकीच्या वापराने घात करतो. डब्याच्या गळ्यावर एक खाच असते. ती शेगडीतल्या खुणेसमोर आली तरच आतल्या नळीचे तोंड वर राहते आणि बर्नरला वायू मिळतो. खाच चुकवून डबा दामटला तर द्रव गॅस बाहेर येतो आणि ज्योत हातभर उठते. दुसरी चूक भांड्याची. डब्याच्या कप्प्यावर पसरेल एवढा मोठा तवा ठेवला, किंवा वारा अडवायला शेगडीभोवती पत्र्याचा बंद आडोसा केला, की उष्णता डब्यावरच परतते. आडोसा बर्नरच्या बाजूलाच हवा, डब्याकडची बाजू उघडी हवी. हे सगळे डब्यावर छापलेले असते, पण बारीक इंग्रजीत. मराठीत आणि हिंदीत, ठळक, घटकवायूंच्या टक्केवारीसह छापणे आपण बंधनकारक करावे. अडॅप्टरबद्दल तर आदेशच हवा. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे सिलिंडर भरायला परवाना लागतो. मग घरोघरी भरणी करण्याचे साधन उघड विकले कसे जाते?

रॉकेल म्हणजे आमच्याकडचे मातीतेल. रेशनवरचे निळे रॉकेल आता शोधूनही मिळत नाही, तरी पंपाचे जुने स्टोव्ह घराघरात आहेत. इंधन म्हणून रॉकेल चांगलेच: ते सहज पेट घेत नाही, आणि वजनाच्या मानाने स्पिरिटच्या दीडपटीहून जास्त उष्णता देते. फक्त ‘रॉकेल सुरक्षित’ हे वाक्य नागपुरात जरा जपून वापरावे लागते. भारतीय मानकाप्रमाणे रॉकेलचा ज्वलनांक, म्हणजे वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, किमान ३५ अंश असतो, आणि आमचा मे ४५ अंशांवर जातो. म्हणजे आपल्याच वर्गवारीतले हे ‘ब’ वर्गाचे तेल इथे उन्हाळ्यात पेट घेण्याजोगी वाफ सोडत असते. सावली आणि घट्ट झाकण त्यालाही लागतेच.

रॉकेल नाही म्हणून लोक त्या स्टोव्हमध्ये पेट्रोल घालतात, किंवा ‘थोडेसे मिसळून’ चालवतात. सगळ्यात जास्त भाजण्याचा धोका इथे आहे. पंपाच्या स्टोव्हची टाकी बर्नरच्या खालीच असते आणि चालू असताना तापते. रॉकेल ते सोसते. पेट्रोल टाकीतच वाफाळते, दाब पंपाशिवाय वाढत जातो आणि वॉशरमधून किंवा झाकणाच्या आट्यांतून फवारा निघतो, तोही पेटत्या बर्नरच्या वीतभर खाली. भरीला आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी वॉशरला फुगवते, हवेतले पाणी ओढते आणि पिनेच्या छिद्रात घाण बसवते. परदेशी बहुइंधनी स्टोव्ह असला तरी हे पेट्रोल नेहमीचे इंधन समजू नये. आणखी एक गोष्ट: १९३४ चा पेट्रोलियम कायदा थोडेसे पेट्रोल परवान्याशिवाय जवळ बाळगू देतो, पण काचेच्या, चिनीमातीच्या किंवा धातूच्या घट्ट बुचाच्या भांड्यात. शीतपेयाच्या बाटलीत नाही. हे एक वाक्य प्रत्येक पेट्रोल पंपावर मोठ्या अक्षरांत लागले तरी पुष्कळ झाले.

हलक्या, जोडीला ठेवण्याच्या स्टोव्हसाठी आमची पहिली पसंती इथेनॉलच्या स्पिरिटला आहे. पंप नाही, पिन नाही, दाब नाही. वाटीएवढ्या डबीत २० मिलिलिटर ओतले की नागपूरच्या कोमट पाण्याचे अर्धा लिटर उकळते. वारा असेल तर तीस-चाळीस धरा. दोघांचा दिवसभराचा चहा आणि एक वेळची खिचडी १०० मिलिलिटरमध्ये बसते, फक्त खिचडीचे तांदूळ-डाळ आधी तासभर भिजवलेले हवेत, कारण या ज्योतीला ‘मंद आच’ फारशी जमत नाही. स्पिरिट पाण्यात मिसळते, त्यामुळे सांडून पेटलेले स्पिरिट भरपूर पाण्याने विझते. पेट्रोल-रॉकेलवर पाणी टाकले तर आग तरंगत पसरते.

पण याच इंधनाचा एक स्वभाव बाटली विकणाऱ्यालाही ठाऊक नसतो. उन्हात त्याची ज्योत दिसत नाही. विझला असे समजून वरून ओततात आणि आग धारेवरून बाटलीत शिरते. साधारण १२ ते ४२ अंशांच्या दरम्यान अर्धवट बाटलीतली वाफ आणि हवा नेमकी पेट घेण्याच्या प्रमाणात असते. म्हणजे नागपूरचे जवळजवळ वर्षभर. अशी बाटली समोर बसलेल्यावर पेटता झोत फेकते. उपाय साधा आहे. ज्योतीवर काडी धरून पाहायची, झाकण ठेवून विझवायचे, पाच मिनिटे थांबून डबी हाताला थंड लागली तरच, आणि मोठ्या बाटलीतून नव्हे तर एका वेळेपुरत्या मापातून, दुसऱ्यांदा ओतायचे.

आता खरी अडचण. रंगाच्या दुकानात ‘स्पिरिट’ मागितले की कधी इथेनॉल मिळते, कधी मिथेनॉल, कधी थिनर. थिनर काजळी धरतो आणि भडकतो. मिथेनॉल स्वच्छ जळते, म्हणूनच फसवते: उष्णता इथेनॉलपेक्षा पाव हिस्सा कमी, आणि विष. १० मिलिलिटर पोटात गेले तरी दृष्टी जाऊ शकते, ३० च्या आसपास जीव. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूतून शंभराहून जास्त माणसे याच द्रवाने गेली. शिबिरात हेच द्रव पाण्याच्या बाटलीसारख्या बाटलीत, पाण्यासारखेच दिसत, पाण्याच्या बाटल्यांशेजारी ठेवलेले असते! स्पिरिटची विक्री आपल्या अखत्यारीत नाही, ती राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे आहे, हे आम्ही जाणतो. तरी बैठक बोलावण्याचे वजन आपल्या कार्यालयाला आहे. मागणी एवढीच : अर्धा लिटरची सीलबंद बाटली, आत मिथेनॉल नसलेले कडू आणि रंगीत केलेले इथेनॉल, मूल उघडू शकणार नाही असे बूच, आणि बाटलीवर घटकांची नावे.

हेक्झामाइनच्या, म्हणजे घन इंधनाच्या, गोळ्यांबद्दल फार लिहीत नाही. हलक्या असतात, सांडत नाहीत, १४ ग्रॅमची गोळी दहा-बारा मिनिटे चालते. जळताना निघणारा धूर मात्र विषारी आणि उग्र, म्हणून त्या मोकळ्यावरच. बंद तंबूत तर कुठलाच स्टोव्ह नको. जळताना साचणाऱ्या जीवघेण्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

राहिला प्रवास. रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली धोकादायक माल नेल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराईत रेल्वेच्या उभ्या डब्यात चोरून नेलेल्या सिलिंडरने नऊ यात्रेकरू गेले. लोकांनी इंधन सोबत नेऊ नये असे वाटत असेल, तर ते मुक्कामी मिळाले पाहिजे. नागद्वार यात्रेच्या दहा दिवसांत पचमढीच्या पायथ्याशी सीलबंद डबे आणि लेबल लावलेले स्पिरिट विकणारे एक अधिकृत केंद्र दोन्ही राज्यांशी बोलून सुरू करून घ्यावे, आणि गणेशपेठ बसस्थानकावर तसा मराठी-हिंदी फलक यात्रेच्या पंधरा दिवस आधी लागावा.

आपले,
नागपुरातले काही डोंगरभटके आणि शिबिरांचे स्वयंपाकी