लाईनवाल्या भाऊंना जाहीर धन्यवाद, मोर्शी तालुक्यातून

नमस्कार भाऊ,

"नाव टाकू नका, ऑफिसात उगाच विचारपूस होते" असं तुम्ही जाताना बोलले म्हणून नाव टाकत नाही, पण वाचलं का तुम्हाला कळेलच कोणाबद्दल आहे.

आमच्या घरचं नेट कसं वागत होतं ते तुम्ही पाहिलंच. पोरीचे नीटचे क्लास दुपारी चारला, आणि नेमकं तेव्हाच बॉक्सवर लाल लाईट लुकलुकायची. कंप्लेंट टाकली का ठरलेलं उत्तर, राऊटर बंद करून चालू करा. तेवढ्यात नेट आपोआप आलेलं असायचं आणि मग मेसेज येणार का तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. कोणी सोडवली, कुठं सोडवली, काय पत्ता नाही. एकदा बॉक्स बदलून दिला तरी तेच.

तुम्ही आले होते गल्लीतल्या दुसऱ्याच कनेक्शनसाठी. मी सहज बोलून पाहिलं तं तुम्ही बॉक्सला हातही न लावता विचारलं, पूर्ण नेट जाते का फक्त वायफाय जाते, लाल लागते ती कोणती लाईट, एलओएसची का? आणि समजावलं का नेट काचेच्या बारीक तारेतून प्रकाशानं येते, एलओएस लाल म्हणजे बाहेरून येणारा तो प्रकाशच पोहोचून नाही राहिला, तिथं राऊटर कितीही बंद-चालू करा काही होत नाही. पॉनची लाईट, म्हणजे बॉक्स कंपनीच्या लाईनला जोडला गेल्याची, हिरवी स्थिर आहे आणि तरी नेट नाही, तर भानगड लॉगिनची नाहीतर कंपनीकडची. सगळं हिरवं आणि फक्त मोबाईललाच नाही, तर वायफाय पाहायचं. इतक्या वेळा फोन केले, हे एवढं साधं कोणी विचारलं नव्हतं हो.

पण खरे धन्यवाद आईच्या बाबतीत आहेत. आई कधीची म्हणून राहिली होती, "अरे बाप्पा, वांदरं पत्र्यावर आले का तुयं नेट जाते." आम्ही सगळे हसायचो, कॉल सेंटरवाल्याला सांगितलं तं तोही हसला. तुम्ही नाही हसले. तुम्ही आईलेच विचारलं, कोणत्या बाजूच्या पत्र्यावर येतात आजी? संत्र्याचा बगीचा मागं आहे ना, तिकडूनच येतात सगळा कळप घेऊन.

मग तुम्ही प्रकाश किती येते ते मोजायचा मीटर लावला. खांबावरच्या डब्यात -19 आणि घरात -29. मला वाटलं दहाचाच फरक आहे, काय एवढं. तुम्ही म्हणाले हे आकडे डीबीचे, डीबीचा हिशोब वेगळा असतो भाऊ, दर 3 ला प्रकाश अर्धा होते, 10 कमी म्हणजे दहातला एकच भाग घरात येऊन राहिला, आणि साधारण -27 च्या खाली गेलं का बॉक्सले तो वाचताच येत नाही. म्हणजे खांबापर्यंत सगळं ठीक, बिघाड खांब ते घर एवढ्यातच. अर्धं गाव शोधायचं वाचलं.

नंतर तो लाल लेझरचा पेन लावून दिवेलागणीपर्यंत थांबले, अंधारात बरोबर दिसलं, पत्र्याच्या काठावर उडू नये म्हणून जी वीट ठेवली आहे तिच्याखाली वायर चेपून मोडली होती आणि तिथून लाल उजेड पाझरत होता. वांदरं उड्या मारत, वीट हालायची, लाईन कधी जायची कधी लागायची. आईचा चेहरा पाहायचा होता तेव्हा! आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून राहिली.

जॉइंट तुम्ही अंगणातल्या बाजेवर बसून केला. वारा लागू नये म्हणून बाजूनं गोधडी धरायला लावली, केसासारखी ती काच स्पिरिटनं पुसली, कापली, मशीनच्या स्क्रीनवर दोन टोकं समोरासमोर आली आणि एक ठिणगी, झालं. पण मला लक्षात राहिलं ते दुसरंच. कापलेले काचेचे बारीक तुकडे तुम्ही एकेक करून चिकटपट्टीवर घेतले आणि पट्टी गुंडाळून खिशात टाकली, "पोरं उघड्या पायानं फिरतात, पायात गेला तं दिसतही नाही" म्हणून. आमच्या पोट्ट्याला दम पण दिला का निघालेल्या वायरच्या टोकात डोळा लावून पाहायचं नाही, आतला प्रकाश दिसत नाही पण डोळ्याले लागते.

बाकी जे सांगितलं ते पण केलं. अडॅप्टर मूळचा नव्हता, व्होल्ट तेच पण अँपिअर कमी, तो बदलला, आता संध्याकाळी मोटारपंप चालू झाले तरी बॉक्स रिस्टार्ट होत नाही. पोरगी माजघरात बसते, मधी जाड मातीची भिंत, म्हणून तिचा मोबाईल वायफायच्या 5 वरून काढून 2.4 गिगाहर्ट्झवर टाकला, तो भिंतीतून जास्त पोहोचते, स्पीड कमी दिसते पण क्लास अडकत नाही. आणि ते पिनचं छिद्र, रिसेटचं, त्याच्यावर चिकटपट्टीच लावून टाकली, दाबलं का युजरनेम-पासवर्ड सगळं उडते म्हणाले होते ना.

वायर आता पाईपातून घेतली, वीट दुसरीकडं. मीटरचा शेवटचा आकडा, -19.6, तुम्ही पेनानं बॉक्सच्या मागं लिहून दिला तो तसाच आहे, पुढच्या वेळी कोणी आलं तं आधी तोच दाखवीन.

पैसे तुम्ही घेतले नाही, चहावरच निघाले. संत्र्याच्या आंबिया बहाराचा तोडा सुरू आहे, एक पेटी तुमच्या नावानं बाजूला ठेवली, इकडं आले का घेऊन जा. आणि हो, शेजारच्या काकांचं नेट रात्री जाऊन राहिलं, त्यांच्याकडं लाल लागत नाही, पॉन हिरवीच राहते. म्हणजे त्यांचं लॉगिनचंच असंल ना?