स्वगत लिहायला शिकवलंत, थँक्यू ताई!

ताई, फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही विषयच बदलता, म्हणून हे इथे सगळ्यांसमोर लिहितोय, आता पळू नका.

माझ्या नाटकातला धाकटा भाऊ घराचे कागद घेऊन स्टेजवर एकटा उरतो, सही करायची की नाही यावर त्याचं स्वगत आहे, म्हणजे एकटाच स्वतःशी मोठ्याने बोलतो. तुम्ही तो सीन वाचून छान-बिन काही म्हटलं नाहीत, सरळ विचारलंत की हा बोलायला लागतो तेव्हा कुठे आहे आणि गप्प होतो तेव्हा कुठे पोचलाय, जर तिथेच असेल तर लोकांनी इतका वेळ ऐकायचं काय? मग शेक्सपिअरच्या मॅकबेथचा खंजिराचा सीन काढलात. त्याला हवेत खंजीर दिसतो, धरायला जातो तर हाताला लागत नाही, खरा का भास यावर अडकतो, स्वतःचा खरा खंजीर उपसतो, परत बघतो तर त्या हवेतल्या पात्यावर आता रक्त पण आहे, घंटा वाजते आणि हा राजाला मारायला निघतो, सगळं तीसेक ओळींत! मनात काय चाललंय ते समजावत बसत नाही, डोळ्यांना दिसतंय ते बोलतो. म्हणून माझा भाऊ आता घराच्या आठवणी काढत नाही (त्या पहिल्या अंकात येऊन गेल्यात), कागदावरच्या वडिलांच्या सहीकडे बघून बोलतो.

शेक्सपिअरच्याच 'ऑथेल्लो'मधल्या खलनायकाचं, इयागोचं स्वगत तर डोक्यातून जातच नाहीये. आपण धरून चालतो की स्वगतात माणूस खरं तेच बोलणार, आणि हा म्हणतो ऑथेल्लोचं माझ्या बायकोशी काहीतरी होतं अशी चर्चा आहे, खरं-खोटं माहीत नाही पण खरं धरूनच वागणार! एकटा असला तरी माणूस स्वतःला पटवतच असतो की. त्यामुळे आमचा भाऊ आता "हे मी दादासाठी करतोय" म्हणतो आणि ते खोटं आहे हे प्रेक्षकांना त्याच्या आधी कळतं. हे सगळ्यात भारी जमलंय असं माझं मत.

बाकी उभं राहून मोठ्याने वाचायला लावलंत, जिथे दम लागला तिथे वाक्य तोडलंत, त्याबद्दल नटाकडून पण थँक्यू.

फक्त शेवटची ओळ काढून त्याने नुसती सही करावी हे मला अजून पटलेलं नाही हां, पुढच्या तालमीत दोन्ही करून बघू, मग भांडू.