गाडीला क्रॅश गार्ड बसवला, अंगाचं काय?

संपादक महोदय,

आपल्या पेपरात आतल्या पानावर दोन-चार दिवसाआड 'दुचाकी घसरून जखमी' अशी चार ओळींची बातमी असतेच. गेल्या पावसाळ्यात त्या चार ओळींत माझं नाव यायचं थोडक्यात राहिलं, म्हणून हे पत्र लिहितोय.

मी नंदगडचा, बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपला कामाला. बसच्या भरवशावर किती दिवस काढायचे म्हणून कर्ज काढून दीडशे सीसीची गाडी घेतली, आयुष्यातली पहिलीच. शोरूमवाल्यानं दोन तास बसवून क्रॅश गार्ड, सीट कव्हर, टँक पॅड, टेफ्लॉन कोटिंग असं करत साडेचार हजार काढले, आणि खोटं कशाला बोलू, मीपण हौसेनं दिले. सगळं कशासाठी तर गाडीला खरचटू नये म्हणून. मला खरचटलं तर काय, हे त्यानंही विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. हेल्मेट तेवढं एक दिलं, नव्या गाडीबरोबर ते द्यायचा नियमच आहे, पण साईज कोण विचारतंय? डोक्यावर घागर पालथी घातल्यागत हलायचं ते.

आमचा मामा जुना गाडीवाला. त्यानं ते हेल्मेट बघितलं, काही बोलला नाही, आत जाऊन मामीच्या शिलाई मशीनवरची टेप आणली आणि भुवयांच्या वर बोटभर धरून डोक्याचा घेर मोजला. छप्पन्न सेंटीमीटर. दिलेलं हेल्मेट साठचं! मग मला घेऊन बाजारात गेला. दुकानदार म्हणतो थोडं सैल घ्या, उकडत नाही. मामा म्हणाला, नवीन हेल्मेट गालाला दाबलंच पाहिजे, आतला स्पंज वापरून वापरून बसतो, मग सैल घेतलेलं आणखी सैल होणार. पट्टा लावायला सांगितला आणि मागून हात घालून हेल्मेट वर पुढं ढकलून बघितलं, निघालं की बाद. तीन बाद झाली. चौथं बसलं ते दहा मिनिटं दुकानातच घालून उभा केलं मला, कपाळावर एका जागी टोचतंय का बघायला, येणारी-जाणारी लोकं हसत होती.

आयएसआयचा शिक्का तर सगळ्यांवर असतोय, पण नुसता स्टिकर बघून चालत नाही ओ. शिक्क्याच्या वर आयएस ४१५१ हा हेल्मेटच्या मानकाचा नंबर आणि खाली सीएम/एल करून लायसन्स नंबर असतो, तो बीआयएस केअर या सरकारी ॲपवर घातला की कंपनीचं नाव दिसतं. १ जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याकडेला ताडपत्री टाकून दोन-तीनशेला विकतात आणि आपण घेतो, कारण आपल्याला डोक्याला नको असतं, पोलिसाला दाखवायला पाहिजे असतं. माझा एक दोस्त शिनोळीला महाराष्ट्राची हद्द ओलांडली की हेल्मेट काढून आरशाला अडकवतो, म्हणे तिकडं कोण बघतंय! मोटार वाहन कायद्यातलं हेल्मेटचं कलम १२९ तिकडं पण तेच आहे बाबा, आणि डांबर पण तेच.

तर ते पडणं. खानापूर तालुक्यात वीटभट्ट्या, ट्रॅक्टरच्या टायरला लागून लाल माती रस्त्यावर येते, त्यावर पहिला पाऊस पडला की साबण. गणेबैलच्या अलीकडं पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी खाली, मी वर, मग मीपण खाली. स्पीड जेमतेम तीस-पस्तीस. हेल्मेट फुल फेस होतं, हनुवटीच्या जागी चार बोटं रुंद ओरखडा पडलाय, अर्धं घातलं असतं तर तो ओरखडा कुठं पडला असता ते बघून आई अजून काही बोलत नाही. पण हात! पडताना माणूस हात टेकणारच. दोन्ही तळव्यांची साल निघाली, पंधरा दिवस जेवण चमच्यानं, कामावर बिनपगारी. नऊशे रुपयाचे ग्लोव्हज महाग वाटले होते मला.

आणि पायाचा घोटा सुजला त्याची तर लाजच वाटते. कंपनीनं दिलेले सेफ्टी शूज असतात आम्हाला, घोटा झाकणारे. उद्यमबागेत सुट्टी झाली की सगळे ते लॉकरात ठेवतात आणि चप्पल घालून गाडीवर बसतात, मीपण त्यातलाच. फुकटचा बूट लॉकरात आणि पाय रस्त्यावर!

जॅकेटला अजून पैसे साठवतोय. स्वस्तातलं एक बघितलं, कोपरातलं पॅड काढून दाबलं तर भांडी घासायचा स्पंज. पॅडवर सीई (युरोपचा सेफ्टीचा शिक्का) लेव्हल १ किंवा २ लिहिलेलं बघून घ्या, आणि आपल्या उन्हाळ्यात जाळीचंच बरं, पावसात वरून रेनकोट. नवीन गाडी घेणाऱ्यानं माझं ऐकावं, आधी हेल्मेट, ग्लोव्हज, बूट, मग उरलं तर टेफ्लॉन. मागं बसणाऱ्या माणसाचं हेल्मेट पण त्याच पैशात धरा.

पडलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसतंय म्हणून धाकटा भाऊ मागत होता. आतलं थर्माकोल एकदा दबलं की परत तसा धक्का घेत नाही, म्हणून पट्टाच कापून टाकला. आता त्यात आईनं लसूण ठेवलाय.

आपला,
एक वाचक, नंदगड (ता. खानापूर)