चवथ झाली म्हणून पाऊस गेला असं नाही

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाली की आपल्या गोव्यात लोक रेनकोट धुऊन माळ्यावर टाकतात आणि गाडी परत मे महिन्यासारखी मारायला लागतात, पण पाऊस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तरी असतोच. सकाळी कडक ऊन, दुपारी तीननंतर घाटाच्या बाजूनं काळोख करून येतो आणि गडगडाटासकट असा कोसळतो की समोरचं दिसत नाही. मी वाळपई-साखळी रस्त्यावर बारा वर्षं रोज स्कूटरनं ये-जा करते, आणि मला तरी जुलैपेक्षा हे दिवस जास्त वाईट वाटतात. जुलैत रस्ता रोज धुतला जातो. आता चार दिवस ऊन पडलं की ऑइल, धूळ, लाल माती सगळं डांबरावर बसतं आणि पहिली पाच-दहा मिनिटं पाऊस पडला की नुसती साबणासारखी बुळबुळ, त्यात लोक भिजायला नको म्हणून त्याच दहा मिनिटांत स्पीड वाढवतात!

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी स्वतः पडले. स्पीड तीसपण नव्हता. वळणावर बांबूचं बेट आहे, त्याची पानं ओली होऊन रस्त्याला चिकटलेली, खाली शेवाळ, मी वळणातच पुढचा ब्रेक दाबला आणि चाक सरकलं ते रस्त्याच्या कडेला. तिथे पाइपलाइनसाठी खणलेला चर नुसत्या मातीनं बुजवलेला, माती पावसात वाहून गेलेली, डांबर संपतं तिथे वीतभर खोल. गुडघ्याला सात टाके पडले. हेल्मेटवर कानाच्या बाजूला बोटभर लांब चरा आहे, तो अजून हाताला लागतो.

म्हणून कळकळीनं सांगते, ब्रेक वळणाच्या आधी मारा, दोन्ही आणि हळूहळू. ताशी 40 म्हणजे सेकंदाला 11 मीटर, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला जवळपास दुप्पट जागा लागते. कारच्या टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरपर्यंत झिजली तर टायर बदलायलाच हवा, दिवाळीची वाट बघू नका. चोर्ला घाटात धुकं असलं तर हाय बीम नको, उजेड उलट आपल्याच डोळ्यांवर येतो. आणि चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून ठेवू नका हो, मागच्याला कळतच नाही तुम्ही कुठे वळणार ते.

रात्री गुरं रस्त्यावरच बसतात, डांबर जरा गरम असतं म्हणून, आणि काळी म्हैस ओल्या रस्त्यावर अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. पहाटे पोदेर, म्हणजे सायकलवरचा पाववाला, असतो. प्लास्टिकखाली पाव झाकलेले, सायकलला मागे लाइट नाही, त्याचा तो पोंय पोंय भोंगा हीच त्याची ओळख, आणि कारवाले काचा बंद करून गाणी लावून जातात, त्यांना तो भोंगा ऐकू येणार कसा? पहाटे गावातून जाताना काच चार बोटं तरी खाली ठेवा.

पंचायतींना एक विनंती आहे. रस्त्याकडेचं रान चवथीच्या आधी कापतात, पण ऑक्टोबरपर्यंत ते परत पुरुषभर वाढतं. आमच्या वळणावरचा आरसा सध्या त्या गवतात पूर्ण गेलाय, दिवाळीला बाहेरगावची मुलं घरी यायच्या आधी तिथे एकदा कोयता फिरवा.

– एक वाचक, सत्तरी