आई, एकटीच का गेले ते सांगते

प्रिय आई आणि बाबा,

परवा फोनवर आई तू म्हणालीस, "एवढी दमलेलीस तर झोपायचं ना, पाण्यात कशाला गेलीस आणि ती पण एकटी?" तेवढ्यात माझी मीटिंग सुरू झाली आणि उत्तर राहूनच गेलं. आज रविवार, निवांत टाइप करतेय.

मागचा आठवडा फार वाईट गेला. आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज सोमवारचं होतं ते गुरुवारवर गेलं, पहाटे पुण्याच्या टीमबरोबर कॉल, रात्री इथल्या लोकांबरोबर, जेवण रोज डेस्कवरच. शुक्रवारी पाचला लॅपटॉप बंद केला तरी डोक्यात चॅटचं टिंग टिंग चालूच. घरी गेले असते तर सोफ्यावर पडून परत फोनच बघितला असता, म्हणून तशीच चार्ल्स नदीवर शिडाची होडी चालवायला गेले.

बॉस्टनमध्ये नदीकाठी कम्युनिटी बोटिंग म्हणून संस्था आहे, 1946 पासूनची. मेंबर झालं की आधी शिकवतात, परीक्षा घेतात आणि मगच होडी हातात देतात. वाऱ्याप्रमाणे झेंडा लावतात, हिरवा म्हणजे वारा हलका, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे फक्त मुरलेल्यांनी. शुक्रवारी हिरवा होता, आई. अंगात लाइफ जॅकेट होतं, आणि त्यांची मोटरबोट लक्ष ठेवून फिरत असते. आणि ही नदी आपल्या खाडीसारखी नाही, 1910 साली मुखाशी धरण बांधलं तेव्हापासून इथे भरती-ओहोटी नाही, पाणी गोडं आणि संथ. लाँगफेलो पूल आणि हार्वर्ड पूल यांच्या मधल्या पाण्यातच आम्ही फिरतो.

बाबा, हार्वर्ड पुलाचं तुमच्यासाठी. 1958 मध्ये एमआयटीच्या मुलांनी ऑलिव्हर स्मूट नावाच्या आपल्याच एका मित्राला पुलावर आडवं झोपवत झोपवत पूल मोजला, 364.4 स्मूट आणि वर एक कान! तो 5 फूट 7 इंच, म्हणजे साधारण 620 मीटर होतात, मी गुणून बघितलं. खुणा अजून रंगवतात.

तर होडी पंधरा फुटी, मर्क्युरी जातीची, एक मोठं शीड आणि पुढे छोटं शीड, त्याला जिब म्हणतात. एकटीने न्यायची म्हणजे एका हातात सुकाणूचा दांडा, दुसऱ्यात मोठ्या शिडाची दोरी, आणि जिबची दोरी मधेच पकडायची, मधेच अडकवायची. वारा समोरून असला की सरळ जाताच येत नाही, तिरकं तिरकं नागमोडी जायचं. काठावरच्या बिल्डिंगांमुळे वारा सारखा दिशा बदलतो, पाण्यावर काळसर सुरकुती धावत येताना दिसली की समजायचं झोत आला, दोरी सैल सोडायची नाहीतर होडी कलते. एकदा वळताना वेग कमी पडला आणि होडीचं नाक बरोबर वाऱ्यासमोर अडकलं, शीड नुसतं फडफडतंय आणि होडी मागे चाललीय. आधी सुकाणू जोरजोरात हलवत बसले, काही उपयोग नाही. मग शिकवलं होतं तसं जिब उलट्या बाजूला धरून गप्प बसले, सावकाश नाक वळलं, शीड भरलं आणि होडी चालायला लागली. काय बरं वाटलं सांगू!

आणि एकटी का, तर बरोबर कोणी असलं की बोलणं होतं आणि ते फिरून ऑफिसवरच येतं. एकटी असले की गालाला वारा कुठून लागतोय एवढंच बघावं लागतं, दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही. पाऊण तासाने लक्षात आलं की टिंग टिंग कधीच बंद झालंय. हा आराम मला झोपेत मिळत नाही गं, त्या आठवड्यात झोपेत पण कोडच दिसत होता.

परत येताना वारा पाठीमागून होता, शीड पूर्ण सोडलं आणि हर्णैचा किनारा आठवला. आत्ता मासेमारी बंद, होड्या वर ओढून शाकारून ठेवल्या असतील ना? आणि मी इथे जूनमध्ये पाण्यात, तुला कसंतरी होणारच, कळतं मला.

फक्त एक कर, आई. शनिवारी पहाटे पाचला उठून माझं लास्ट सीन बघत बसू नकोस, तेव्हा इथे शुक्रवारची संध्याकाळ असते आणि फोन लॉकरमध्ये असतो. सूर्य मावळायच्या आत होड्या परत आणाव्याच लागतात. धक्क्याला लागले की आधी तुला मेसेज करीन, तुझा चहा उकळेपर्यंत येईल.

तुमची,
चिमी